पाच महिन्यांची लेक: स्नानसंस्कार आत्ताच, की तिला कळायला लागल्यावर?

ओंजळ

नमस्कार. आमची लेक पाच महिन्यांची झाली आणि घरात फिरून फिरून एकच विषय निघतो, तिचा बाप्तिस्मा. मी कॅथलिक घरातली, आमच्यात स्नानसंस्कार म्हणतात. माझा झाला तेव्हा मी २६ दिवसांची होते. दाखल्यावर तारीख आहे, धर्ममाता-धर्मपित्याच्या सह्या आहेत, फोटोत मी गाढ झोपलेली आहे. नवरा बॅप्टिस्ट मंडळीतला. त्याने १९व्या वर्षी सगळ्यांसमोर साक्ष दिली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. त्याला तो दिवस मिनिटामिनिटाने आठवतो. मला माझ्या दिवसातलं काहीच आठवत नाही, तरी आपला बाप्तिस्मा झालाय याबद्दल मला कधी शंका आली नाही.

लग्नाआधी आम्ही यावर बोललो होतो. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणून सोडून दिलं.

पप्पा रोज विचारत नाहीत. पण फोन ठेवताना ‘मग, काय ठरलं?’ एवढं येतंच. नवऱ्याचं म्हणणं असं की, ‘हो’ म्हणण्याचा हा दिवस तिच्या आयुष्यात एकदाच येणार, तो आपण तिच्या वतीने का उरकून टाकायचा? तो भांडत नाही, शांतपणे विचारतो, आणि मला उत्तर सुचत नाही. मागच्या आठवड्यात रात्री तिला ताप चढला. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यात एकच चाललेलं: हिचा स्नानसंस्कार झालेला नाही. सकाळी ताप उतरला, हसायला लागली. ती भीती मात्र उतरली नाही. ही माझी श्रद्धा आहे, की लहानपणी कानावर पडलेलं काहीतरी, हेच मला उमगत नाहीये.

मला खरंच जाणून घ्यायचंय. पवित्र शास्त्रात लहान बाळांचा बाप्तिस्मा आहे का? आम्ही थांबलो आणि दुर्दैवाने काही झालं तर? आणि आत्ता केला, पण मोठेपणी तिला वडिलांसारखा पाण्यात उतरून घ्यावासा वाटला, तर तिला तो घेता येईल का? कुणी या पेचातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. दोन्ही बाजूंचं ऐकायची तयारी आहे.

नदीकाठ

ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूची, तेव्हा ते ध्यानात ठेवून वाचा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. नव्या करारात बाळाचा बाप्तिस्मा झाल्याचं एकही स्पष्ट उदाहरण नाही. प्रेषितांची कृत्ये उघडा. दुसऱ्या अध्यायात ज्यांनी पेत्राचं वचन स्वीकारलं त्यांचा बाप्तिस्मा झाला. आठव्या अध्यायात शोमरोनातल्या लोकांनी विश्वास ठेवला तेव्हा ‘पुरुष व स्त्रिया’ यांचा झाला, मुलांचा उल्लेख नाही. त्याच अध्यायात रथातून जाणारा कूशी अधिकारी स्वतःच विचारतो, ‘पाहा, इथे पाणी आहे, मग माझा बाप्तिस्मा व्हायला काय हरकत?’ आधी ऐकणं, मग विश्वास, मग पाणी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तुम्हाला लोक लुदियाच्या घराण्याचं आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं उदाहरण देतील, की सगळ्या घरादाराचा झाला म्हणजे बाळांचाही झालाच असणार. पण १६व्या अध्यायात लिहिलंय की त्याच्या घरातल्या सगळ्यांना आधी वचन सांगितलं गेलं आणि नंतर सगळ्या घराने आनंद केला. तान्हं बाळ वचन कसं ऐकणार?

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना आम्ही मंडळीत तिचं समर्पण केलं. शास्त्रातल्या हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाच्या हवाली केलं तसं. पाळकांनी तिला हातांवर घेऊन प्रार्थना केली, आम्ही दोघांनी वचन दिलं, आणि सगळ्या मंडळीनेही दिलं. पाणी नाही. अकराव्या वर्षी ती म्हणाली, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. पाळकांनी तिला विचारलं, ‘मैत्रिणीने घेतला म्हणून?’ ती गप्प राहिली. तिला थांबायला सांगितलं. ती रडली, मलाही वाईट वाटलं. चौदाव्या वर्षी तिने परत विचारलं, तेव्हा ती एकटी होती, कुठलीच मैत्रीण सोबत नव्हती. तीन महिने वर्ग झाले. आदल्या रात्री तिने वहीच्या पानावर साक्ष लिहिली, चार वेळा खोडून. बाप्तिस्म्याच्या झग्याच्या खालच्या घडीत छोटी वजनं शिवलेली असतात, पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून. पायऱ्या उतरताना ती वजनं तिच्या घोट्यांना लागत होती, आणि तिने पाळकांचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बोटांचे वळ उठले. वर आल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला लिहून सांगता येणार नाही. एवढं सांगते की ते मी तिला दिलेलं नव्हतं.

यासाठी माणसांनी जीव दिलेत, तेही विसरू नये. झुरिकमध्ये २१ जानेवारी १५२५च्या संध्याकाळी फेलिक्स मान्झच्या घरी थोडी माणसं जमली. कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा त्यांनी मानला नाही म्हणून नगरपरिषदेने त्यांना बंडखोर ठरवलं. दोन वर्षांनी, ५ जानेवारी १५२७ रोजी, मान्झला हातपाय जखडून लिमात नदीत बुडवलं. शिक्षा देणारेही ख्रिस्तीच होते, तेही सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट. ‘थोडं पाणी लावून घ्या, बिघडलं कुठे’ असं कुणी मला म्हणालं की मान्झ आठवतो.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात १७ वर्षं काम करते. बाकीच्या मुद्द्यांत पडत नाही, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहिते.

एका रात्री २८ आठवड्यांचं बाळ होतं, वजन ९४० ग्रॅम. पहाटे तीनच्या सुमाराला त्याचा ऑक्सिजन सारखा खाली येत होता. वडील कॅथलिक. म्हणाले, फादर पोचेपर्यंत उशीर होईल, तुम्ही द्याल का? मी स्वतः मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेली, दुसऱ्या मंडळीतली. मला वाटायचं हे फक्त धर्मगुरूंनीच करायचं असतं. तसं नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर कॅथलिक मंडळीच्या शिकवणीप्रमाणे कुणीही देऊ शकतं, ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही असा माणूससुद्धा. मंडळीला यातून जे करायचं असतं तेच करण्याचा हेतू हवा, पाणी हवं आणि शब्द बरोबर हवेत. मी निर्जंतुक पाणी सिरिंजमध्ये घेतलं, तळहातात धरून थोडं गरम होऊ दिलं, इन्क्युबेटरच्या गोल खिडकीतून हात घातला आणि कपाळावर तीनदा थोडं थोडं सोडलं. नाव घेऊन म्हटलं, ‘मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ वडिलांनी काचेवर हात टेकला होता.

ते बाळ नऊ आठवड्यांनी घरी गेलं. पुढे फादरनी त्याचा बाप्तिस्मा पुन्हा केला नाही, तो झालेलाच धरला. चर्चमध्ये उरलेले विधी तेवढे केले: पवित्र तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती.

वाचू न शकलेली बाळंही मी पाहिली आहेत, बाप्तिस्मा झालेली आणि न झालेली. त्यांच्या आयांना एकच विचारायचं असतं. पूर्वी ‘लिंबो’ म्हणून सांगायचे, की अशी बाळं स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतात. ती कधीच पक्की सिद्धांतवाणी नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने यावर एक सविस्तर दस्तऐवज काढला. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं त्यात म्हटलंय. ताई, स्नानसंस्कार करायचा तर जरूर करा, पण त्या तापाच्या रात्रीच्या धाकाने करू नका.

मोहरीचा दाणा

तिघींचंही दोनदा वाचलं. माझा तान्हेपणी, कॅथलिक चर्चमध्ये, ४० दिवसांचा असताना स्नानसंस्कार झाला. २१व्या वर्षी मी दुसऱ्या एका मंडळीत पुन्हा बाप्तिस्मा घेतला. बारा वर्षांनी परत आलो. आता ५४चा आहे. म्हणून जरा लांब लिहितो.

या वादात माणसं वयावर भांडतात, पण गाठ वेगळ्याच ठिकाणी असते. बाप्तिस्म्यात करणारा कोण? नदीकाठताईंच्या लेकीच्या गोष्टीत करणारी लेक आहे. ती ऐकते, ठरवते, चालत पाण्यात उतरते, आणि देव तिच्या ‘हो’ला साक्ष असतो. रात्रपाळीताईंच्या गोष्टीत करणारा देव आहे. बाळाला काहीच करता येत नाही, श्वाससुद्धा धड घेता येत नाही, आणि तरी त्याला नाव घेऊन बोलावलं जातं. २०२०मध्ये व्हॅटिकनने एक निर्णय दिला, तो यामुळेच मला नीट कळला. काही ठिकाणी धर्मगुरू ‘मी तुला’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हणायला लागले होते. व्हॅटिकनने तो बाप्तिस्माच झाला नाही असं ठरवलं. कारण तिथे बोलणारा जमाव नसतो, त्या एका तोंडातून ख्रिस्त बोलतो, अशी ती श्रद्धा आहे. इतक्या टोकापर्यंत ती जाते. तुमचा नवरा आणि तुमचे पप्पा एकच शब्द वापरतात, पण दोघांच्या मनातलं चित्र वेगळं आहे.

आता शास्त्राबद्दल. नदीकाठताई म्हणतात ते खरं आहे, बाळाचं स्पष्ट उदाहरण नाही. पण ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाला मोठं होईपर्यंत थांबवून मग बाप्तिस्मा दिल्याचं उदाहरणही नव्या करारात नाही. तिथे जवळजवळ सगळे पहिल्या पिढीचे, बाहेरून आलेले लोक आहेत. दुसऱ्या पिढीचं काय करायचं हे शास्त्र सरळ सांगत नाही, म्हणून दोन्हीकडच्यांना अनुमान काढावं लागतं. बाळांचा करणारे उत्पत्तीच्या १७व्या अध्यायाकडे जातात: अब्राहामाशी करार झाला आणि त्याची खूण आठ दिवसांच्या बाळाला द्यायची होती, त्या बाळाचा विश्वास कुणी तपासला नाही. मग कलस्सैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी ठेवतो. पेत्र म्हणतो, ‘हे वचन तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना आहे.’ मला हा धागा बळकट वाटतो. पण पेत्राच्या त्याच वाक्याआधी ‘पश्चात्ताप करा’ आहे, हे मी दडवणार नाही.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा जुना ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन, त्याचं नाव या वादात हमखास निघतं, म्हणून आधीच सांगतो. साधारण सन २००च्या सुमाराला त्याने लिहिलं की मुलांच्या बाबतीत घाई नको, निष्पाप वयाने पापक्षमेकडे का धावावं? त्यावरून दोन गोष्टी कळतात. त्या काळी बाळांचे बाप्तिस्मे होत होते, नाहीतर तो अडवणार कुणाला? आणि त्याचं कारण तुमच्या नवऱ्याचं कारण नव्हतं. तो अविवाहितांना आणि विधवांनाही थांबायला सांगतो, कारण बाप्तिस्म्यानंतर मोहात पडण्याची त्याला धास्ती होती. पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेज शहरात तिथला बिशप सिप्रियन आणि इतर ६६ बिशपांपुढे उलटा प्रश्न आला: सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का? उत्तर आलं, तेवढंही थांबू नका.

चौथ्या शतकात तर चांगल्या ख्रिस्ती घरांतही थांबण्याचीच रीत पडली होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणशय्येवर घेतला. पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका भक्तिमान, पण त्याला बाळपणी दिला नाही. मुलगा असताना पोटदुखीने तो मरायला टेकला, बाप्तिस्मा मागू लागला, आईने तयारी सुरू केली, तेवढ्यात तो बरा झाला आणि बेत पुन्हा पुढे ढकलला. अखेर ३८७च्या ईस्टरच्या रात्री, ३२व्या वर्षी, मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज याच्या हातून झाला, सोबत त्याचा किशोरवयीन मुलगाही होता. पुढे ते ढकलणं त्याला सलत राहिलं. नाझियान्झसचा ग्रेगरी तर बिशपाचा मुलगा. तरुणपणी अथेन्सला जाताना जहाज वादळात सापडलं, आणि बाप्तिस्मा न होताच मरणार या विचाराने तो कासावीस झाला. ताई, तुमची ती रात्र त्याला ओळखीची वाटली असती. पुढे ३८१मध्ये त्याने उपदेशात सांगितलं: जिवाला धोका असेल तर बाळाला तत्काळ द्या, नसेल तर साधारण तीन वर्षांपर्यंत थांबा, म्हणजे मूल थोडं ऐकू शकेल, दोन शब्द बोलू शकेल. तिसऱ्या वर्षाचं हे मत पुढे फारसं कुणी धरलं नाही. मला मात्र त्यात वाद घालणारा पंडित दिसत नाही, तो वादळातून वाचलेला मुलगा दिसतो.

आणखी एक गल्लत होते. वय आणि पाण्याची पद्धत या दोन गोष्टी सगळे एकत्र बांधतात: बाळ म्हणजे शिंपडणं, मोठं म्हणजे बुडवणं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तान्ह्या बाळाला तीनदा पूर्ण बुडवतात, लगेच तेलाने अभिषेक करतात आणि प्रभुभोजनही देतात. उलट मेनोनाइट लोक, जे झुरिकच्या त्याच चळवळीतून आले, ते बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्याच डोक्यावर पाणी ओततात. तेव्हा पाणी किती हे तुमच्या घरातल्या वादातून बाजूला ठेवता आलं तर ठेवा.

आता माझं.

२१व्या वर्षी ज्या मंडळीत मी जाऊ लागलो, तिथल्या पाळकाने मला सांगितलं, ‘तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. तुझं डोकं कुणीतरी ओलं केलं, एवढंच.’ मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मी तेव्हा पेटलेला होतो. पाण्यात उतरलो, वर आलो, आणि तो आनंद खोटा नव्हता हे आजही सांगतो. पण घरी आल्यावर मी पाळकाचं तेच वाक्य आईला ऐकवलं. आई काहीच बोलली नाही. कपाट उघडून साड्यांच्या खालून कागदात गुंडाळलेली माझ्या स्नानसंस्काराची मेणबत्ती काढली. अर्धी जळलेली, वात काळी, खाली ओघळ गोठलेला. ती मेजावर ठेवली आणि मला विचारलं, ‘मग त्या दिवशी देव आला नव्हता का रे?’

माझ्याकडे वचनांची यादी होती, एकही तोंडातून निघालं नाही. आईला त्या दिवसातलं सगळं माहीत होतं. मी किती रडलो, पाणी कुठल्या कानात गेलं, कुणी पुसलं. आठवण तिच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती, एवढ्यावरून मी ते खोटं ठरवलं होतं. नंतर मला ऑगस्टीनपेक्षाही ते मेज आणि ती मेणबत्ती जास्त शिकवून गेली. दुसऱ्यांदा पाण्यात उतरल्याचा मला पस्तावा नाही, त्या वाक्याचा आहे.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक देतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथेरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, कुणीही तिला दुसऱ्यांदा देणार नाही. त्यांच्या लेखी बाप्तिस्मा एकदाच. १९८२ साली लिमा इथे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या आयोगाने दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांना बसवून जो मसुदा मान्य केला, त्यातही पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काहीही टाळा म्हटलंय. तिचा स्वतःचा ‘हो’ आपल्या कॅथलिकांत दृढीकरणाच्या, म्हणजे जाणत्या वयात श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, वेळी येतो. शिवाय दर ईस्टरच्या रात्री बाप्तिस्म्याची वचनं नव्याने उच्चारतात. हातात मेणबत्ती घेऊन सगळे उभे असतात, आणि ते सवयीने न म्हणता मनापासून म्हणता येतं. बॅप्टिस्ट मंडळ्यांत मात्र एकमत नाही. काही ठिकाणी सभासदत्वासाठी तिला बुडवून घ्यावंच लागेल, काही ठिकाणी आधीचा मानतात. १९७०मध्ये सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बॅप्टिस्टही आले, आणि त्यांनी दोन्ही पद्धती एका छपराखाली ठेवल्या. नवऱ्याच्या पाळकांना हे आत्ताच विचारा, १५ वर्षांनी नको.

नवऱ्याला एक गोष्ट सांगाविशी वाटते. १८१२ साली अडोनिराम जडसन आणि त्याची बायको अ‍ॅन अमेरिकेतून मिशनरी म्हणून जहाजाने निघाले तेव्हा दोघंही बाळांचा बाप्तिस्मा मानणारे होते. पुढे बॅप्टिस्टांशी गाठ पडणार म्हणून जडसन प्रवासात त्या विषयाचा अभ्यास करायला बसला, आणि आपलंच मत डळमळलंय हे त्याच्या लक्षात आलं. अ‍ॅन ठाम विरोधात. तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असं तिने बजावलं होतं. कलकत्त्याला पोचल्यावर तिने स्वतः ग्रंथ काढून वाचले, आणि मग दोघांनी एकत्रच घेतला. ज्या संस्थेने पाठवलं होतं तिच्याशी नातं तुटलं, एवढी किंमत मोजून. निष्कर्ष त्यांच्या मंडळीचा आहे, माझा नाही. पण त्या घरात कुणी कुणाला ओढलं नाही, हे मला फार आवडतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी कुणी लिहिली नाही. ताई, तुमचं लग्न कॅथलिक चर्चमध्ये, बिशपांच्या परवानगीने झालं असेल, तर मुलांचा स्नानसंस्कार कॅथलिक मंडळीत करण्यासाठी मला शक्य ते सगळं करीन, असं वचन तुम्ही दिलेलं असणार. वचन तुमचं असतं, नवऱ्याचं नसतं. पण तुम्ही ते दिलंय हे त्याला कळवणं बंधनकारक असतं. ‘शक्य ते’ म्हणजे संसार मोडून नव्हे. तरी कागद काढून बघा. आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा नसेल तर फादर स्वतःच थांबायला सांगू शकतात, तसा नियम आहे. बाळाचा बाप्तिस्मा सोपा, मोठ्यांचा अवघड, हा समज त्यामुळे मला चुकीचा वाटतो. इथे ‘हो’ म्हणणारे आईवडील असतात आणि ते पुढची १५ वर्षं रोज पाळायचं असतं.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोहरीदादा, तुमचं आम्ही दोघांनी रात्री एकत्र वाचलं. मेणबत्तीपाशी नवरा थांबला आणि थोडा वेळ बोलला नाही.

लग्नाची फाइल काढली. तो कागद आहे. खाली माझी सही आहे, आणि मला ते पार विसरायला झालं होतं. नवऱ्याला आठवत होतं! फादरनी त्याला समोर बसवून वाचून दाखवलं होतं म्हणे. मी विचारलं, मग इतके महिने बोलला का नाहीस? तो म्हणाला, ‘तुझं वचन होतं. ते तुला मी आठवण करून देण्यापेक्षा तुला आठवावं असं वाटत होतं. आणि ते आठवूनही तू माझं ऐकून घेशील का, हे मला बघायचं होतं.’

शनिवारी दोघंही फादरना भेटायला जातोय. तो प्रश्न लिहून नेणार आहे, एक पान भरलंय. पहिला प्रश्न: ‘मी माझ्या मुलीला माझ्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगितली, आणि तो मी का मोठेपणी घेतला हेही सांगितलं, तर चालेल का?’

नदीकाठ

या प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणेल? सांगू दे त्यांना. माझ्या मनात काही बदललं नाही, मी आजही थांबलेच असते. पण मोहरीदादांच्या आईचा प्रश्न मला माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकू आला. त्या आमच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला आल्या नव्हत्या. त्यांना आज फोन करते.

ओंजळ

करा ताई, जरूर करा. मोहरीदादा, एक फार छोटं विचारू? पाणी थंड असतं का? ती अजून पाण्याला दचकते, अंघोळीलाही आधी पाय लावून मग हळूहळू घ्यावं लागतं.

मोहरीचा दाणा

छोटं नाही. पहिल्या मंडळीच्या काळातलं ‘दिदाखे’ नावाचं एक लहानसं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. त्याची प्रत १८७३मध्ये हाती लागली. त्याच्या सातव्या भागात लिहिलंय: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. फादरना आधी सांगून ठेवा, कोमट करतात. आणि तिला आडवी धरताना नवऱ्याचा हात मानेखाली असू द्या, त्याच्या हाताची तिला सवय असेल.